सफरचंदांचं खोरं, वणव्याचा ऑगस्ट

ऑगस्ट महिना लागला की ओकानागन खोऱ्यातली माणसं सकाळी उठल्यावर आधी आकाशाचा रंग बघतात. निळं असेल तर ठीक. पण त्यात पिवळट-तांबूस झाक दिसली की कुठे लागलं, किती लांब, वारा कुठला, अशी चौकशी सुरू होते. चहा-कॉफी त्यानंतर.

कॅनडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बर्फ. फर्ची टोपी, गोठलेली नदी आणि फावड्यानं दारातलं बर्फ उपसणारी माणसं. पण याच देशाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अमेरिकेच्या सीमेला टेकलेलं एक खोरं असं आहे, की जिथे रानात निवडुंग उगवतो, खडकांवर विषारी रॅटलस्नेक ऊन खात पडलेले असतात आणि भर उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर जातो. तेच हे ओकानागन. दक्षिणेला सीमेवरचं ओसोयूस, मध्ये पेंटिक्टन आणि केलोना, उत्तरेला व्हर्नन, अशी गावं एखाद्या माळेसारखी सरोवरांच्या काठानं ओवलेली. त्यातलं मुख्य ओकानागन सरोवर तब्बल १३५ किलोमीटर लांब, पण रुंदी जेमतेम चार-पाच किलोमीटर. दोन्ही बाजूंना डोंगर. नकाशात पाहिलं तर निळी दोरी टाकून ठेवल्यासारखं दिसतं.

हे खोरं इतकं कोरडं का, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. पश्चिमेकडून पॅसिफिक महासागराचे ढग येतात ते किनाऱ्याच्या डोंगरांवर आणि कॅस्केड पर्वतावर रिकामे होतात. महाबळेश्वर चिंब भिजतं आणि पलीकडच्या माण-खटावला ढग नुसते वाकुल्या दाखवून जातात, तोच प्रकार. व्हँकुव्हरला वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून मोटारीनं चार-पाच तासांवरच्या ओसोयूसला पडतो तीनशेच्या आसपास. तोही वर्षभर विखुरलेला, आणि त्यातला काही बर्फाच्या रूपात.

या कोरडेपणानंच खोऱ्याचं सोनं केलं. १८५९मध्ये फादर पांदोसी नावाच्या फ्रेंच मिशनऱ्यानं आजच्या केलोनाजवळ मिशन उभारलं आणि सफरचंदाची झाडं लावली. भरपूर ऊन, थंड रात्री आणि सरोवराचं पाणी. सफरचंदं लालबुंद झाली, मागून चेरी, पीच, जर्दाळू आले आणि अलीकडच्या काही दशकांत द्राक्षांचे मळे उतारावर चढले. भारतीय वाचकाला अप्रूप वाटेल अशी गोष्ट म्हणजे इथल्या बऱ्याच बागा आज पंजाबी कुटुंबांच्या आहेत. आधीची पिढी फळं तोडायला मजूर म्हणून आली, पै पै साठवून तिनं बागा विकत घेतल्या. ऑलिव्हरसारख्या छोट्या गावातसुद्धा गुरुद्वारा आहे. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या फळांच्या टपरीवर चेरी तोलून देणारी सलवार-कमीजमधली आजी दिसली तर आश्चर्य वाटायला नको.

फळं, होड्या, पोहणं, वाईन. जुलै-ऑगस्टमध्ये हॉटेलात खोली मिळणं मुश्कील. आणि नेमक्या याच दिवसांत खोरं पेट घ्यायला टेकलेलं असतं.

जूनमध्ये इथे बऱ्यापैकी पाऊस होतो. त्यानं गवत गुडघाभर वाढतं आणि जुलैत तेच गवत वाळून भुश्शासारखं होतं. ऑगस्ट उजाडेपर्यंत पाईनच्या सुया, पडलेल्या फांद्या, जमिनीवरचा कुजट पाचोळा, सगळ्यातला ओलावा उडालेला असतो. अशा वेळी आग लागायला निमित्त लागतं कितीसं? ब्रिटिश कोलंबियातले अर्ध्याहून अधिक वणवे विजेमुळे लागतात. उन्हाळ्याअखेरच्या वादळात ढग गडगडतात, वीज कोसळते, पण पाऊस हवेतल्या हवेत सुकून जातो. वीज एखाद्या वाळक्या खोडात शिरते आणि दोन-तीन दिवस आत धुमसत राहते. उरलेल्या आगी माणसाच्या. न विझवलेली शेकोटी, गाडीतून भिरकावलेलं थोटूक, तापलेल्या सायलेन्सरखाली आलेलं गवत.

रस्त्यांच्या कडेला अर्धवर्तुळाकार पाट्या उभ्या असतात, त्यांवर घड्याळासारखा काटा. काटा ‘अतिशय कमी’पासून ‘अतितीव्र’पर्यंत सरकतो. मुलंसुद्धा गाडीतून जाताना तो कुठे आहे ते ओरडून सांगतात. यामागचं गणित मात्र गमतीचं नाही. जंगलातल्या हवामान केंद्रांवर रोज दुपारी बाराला फक्त चार गोष्टी मोजतात: तापमान, हवेतला दमटपणा, वारा आणि मागच्या चोवीस तासांतला पाऊस. त्यावरून वरचा पाचोळा किती वाळला, त्याखालचा थर किती आणि अगदी खोलवरची जमीन किती, याचे तीन वेगवेगळे आकडे निघतात. वरचा थर एका सरीनं ओला होतो आणि काही तासांच्या उन्हानं पुन्हा वाळतो. खोलवरचा वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि ओला व्हायलाही. म्हणूनच ऑगस्टमधली एखादी सर पाहून पर्यटक हुश्श करतात, जुने लोक करत नाहीत. आग विझवणाऱ्यांचा एक साधा आडाखाही आहे. अंश सेल्सियसमधला तापमानाचा आकडा दमटपणाच्या टक्क्यांहून वर गेला, म्हणजे ३२ अंश आणि २० टक्के असं काही झालं, की त्या दुपारी आग हाताबाहेर जाणार असं धरून चालायचं.

त्यात डोंगराळ खोऱ्याचे स्वतःचे खेळ. दिवसा उतार तापतात, हवा वर चढते, आग तिच्याबरोबर चढावर पळते. संध्याकाळी हवा उलटी फिरून खाली उतरते. पण सगळ्यात धास्ती असते ती थंड हवेच्या लाटेची. ऐकायला विचित्र वाटेल. आठवडाभराच्या उकाड्यानंतर गारवा येणार म्हटल्यावर माणूस खूश व्हावा. पण उन्हाळ्याअखेरची ही लाट अनेकदा पाऊस आणतच नाही, आणतो नुसता सोसाट्याचा, दिशा बदलणारा वारा. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या इथल्या दोन सर्वांत मोठ्या आपत्तींत आग भडकवली ती वाऱ्यानं.

पहिली २००३ सालची. १६ ऑगस्टच्या पहाटे सरोवराकाठच्या ओकानागन माउंटन पार्कमध्ये रॅटलस्नेक बेटासमोर वीज पडली. चढ इतका अवघड की तिथे माणसं पोहोचवणंच कठीण. सहा दिवसांनी, २२ ऑगस्टच्या रात्री, वारा फिरला आणि आग केलोनाच्या दक्षिणेकडच्या नव्या वसाहतींत घुसली. सुमारे २४० घरं गेली. २७ हजारांहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. शेवटी अडीचशे चौरस किलोमीटरहून जास्त रान जळालं. जाता जाता या आगीनं आणखी एक घाव घातला. शहराच्या वर मायरा कॅन्यन नावाची दरी आहे. तिच्या कडेकडेनं जुन्या केटल व्हॅली रेल्वेचा मार्ग गेला आहे आणि त्यावर १८ उंचच उंच पूल आहेत, बहुतेक सगळे लाकडी. गाड्या बंद झाल्यावर लोक तिथे सायकलनं फिरायला जात. जेमतेम वर्षापूर्वी या पुलांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला होता. त्यांतले १२ लाकडी पूल जळून गेले. लोकांनी ते पुन्हा बांधून घेतले, अगदी जुन्यासारखेच, आणि २००८पर्यंत मार्ग पुन्हा खुला झाला. आज त्या पुलांवरून सायकल नेताना डोंगरावर अजूनही काळी, उघडी खोडं उभी दिसतात.

त्या वर्षीच्या वणव्यांची चौकशी मॅनिटोबाचे माजी मुख्यमंत्री गॅरी फिल्मन यांच्याकडे सोपवण्यात आली. फेब्रुवारी २००४मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालातली मुख्य गोष्ट अशी की जंगलात जळण साचू दिलं गेलं आहे. हे साचलं कसं, त्याचं उत्तर पाँडेरोसा पाईनच्या खोडावर लिहिलेलं असतं. या झाडाची साल जाडजूड, नारिंगी, ऊन तापलं की व्हॅनिलासारखा वास देणारी. खालच्या फांद्या झाड स्वतःच गाळतं. गवतातून धावणारी लहान आग खोडाला चाटून निघून जाते, झाडाला काही होत नाही. फक्त एक व्रण उरतो. जुन्या झाडांचे असे व्रण वलयांवरून मोजले, तेव्हा दिसलं की पूर्वी दर पाच-दहा-वीस वर्षांनी अशी हलकी आग रानातून जात असे.

काही आगी विजेच्या, पण बऱ्याच मुद्दाम लावलेल्या. इथले मूळ रहिवासी सिल्क्स लोक वसंतात, जमीन अजून दमट असताना, गवत आणि झुडपं जाळून काढत. त्यातून हरणांना कोवळा चारा मिळे, रानबेरी फोफावत आणि जंगल मोकळं राही. गोऱ्या वसाहतवाल्यांना हा अडाणीपणा वाटला. १८७४मध्येच प्रांतानं रानातल्या आगींविरुद्ध कायदा केला, आणि पुढे विमानं-हेलिकॉप्टरं आल्यावर तर दिसली आग की विझव, हेच धोरण झालं. हेतू चांगला, पण विझवलेल्या प्रत्येक लहान आगीबरोबर मोठ्या आगीची तरतूद होत गेली. जुन्या पाईनच्या मध्ये फरची दाट पिल्लं उगवली. आता जमिनीवरच्या ज्वाळेला शेंड्यापर्यंत चढायला शिडीच तयार आहे. आणि आग एकदा शेंड्यावर गेली की ती पाण्याला जुमानत नाही.

दुसरी आपत्ती २०२३ची. १५ ऑगस्टला सरोवराच्या पश्चिमेला वेस्ट केलोनाच्या वरच्या अंगाला मॅकडूगल क्रीकची आग दिसली. दोन दिवस ती लहान होती. १७ तारखेला अंदाजाप्रमाणे थंड हवेची लाट आली आणि एका रात्रीत आग शेकडो पटींनी नाही, पण कित्येक पटींनी फुगून वस्तीवर उतरली. त्याच रात्री वाऱ्यानं उडवलेले निखारे सरोवराचं दोन किलोमीटरहून अधिक रुंद पाणी ओलांडून पलीकडे केलोनाच्या उत्तर भागात पडले. सरोवर म्हणजे मोठी जाळरेषा, हा लोकांचा भरवसा त्या रात्री संपला. सरोवर ओलांडायला पूल एकच, तोही तरंगता. त्यावर गाड्यांची रांग आणि दोन्ही काठांना आग. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा इथला परिसरही रिकामा करावा लागला. विमानतळावरची उड्डाणं थांबली. सरकारनं काही दिवस पर्यटकांना हॉटेलात खोल्या देण्यावर बंदी घातली, कारण त्या खोल्या बेघर झालेल्यांना आणि आग विझवणाऱ्यांना हव्या होत्या. दोन्ही काठांवर मिळून सुमारे १९० घरं गेली. जीव मात्र एकाचाही गेला नाही. वेळेवर घर सोडणारी माणसं आणि रात्रभर गल्लीगल्लीत झुंजणारे बंबवाले, दोघांचंही हे श्रेय. वेस्ट केलोनाचे अग्निशमन प्रमुख जेसन ब्रोलंड म्हणाले ते अशा अर्थाचं, की शंभर वर्षांच्या आगी आम्ही एका रात्रीत लढलो.

त्या जळालेल्या गल्ल्यांमध्ये एक कोडं दिसतं. शेजारच्या दोन घरांतलं एक राखेचा ढीग, दुसरं जसंच्या तसं. यात दैवाचा भाग असतोच, पण घरं बहुधा ज्वाळांच्या भिंतीनं नव्हे, तर निखाऱ्यांनी पेटतात. छपराच्या पन्हळीत साठलेल्या पाईनच्या सुया, भिंतीला टेकवून रचलेली लाकडं, शोभेचं सीडरचं कुंपण, दारातला काथ्याचा पायपोस. एवढं पुरतं. म्हणून आता घराभोवतीच्या दीड मीटर पट्ट्यात जळण्यासारखं काहीही ठेवू नका, असं सांगितलं जातं. लोगन लेक हे ओकानागनच्या वायव्येकडचं छोटं गाव यात सगळ्यांत आधी शहाणं झालं. वर्षानुवर्षं त्यांनी भोवतालचं रान विरळ केलं, पन्हळी साफ ठेवल्या. ऑगस्ट २०२१मध्ये वणवा गावाच्या वेशीला येऊन भिडला, गाव रिकामं करावं लागलं, पण लोक परतले तेव्हा सगळी घरं उभी होती.

आणि ज्या आगीवर दीडशे वर्षांपूर्वी कायद्यानं बंदी आणली, ती पुन्हा बोलावली जात आहे. पूर्वेकडच्या कूटनी खोऱ्यात, क्रॅनब्रुक विमानतळालगत, २०२३च्या वसंतात तिथल्या आदिवासींनी आणि वनखात्यानं मिळून मोठं गवताळ रान ठरवून जाळलं. जुलैत तिकडे खरा वणवा आला. काही घरं गेली, पण जाळलेल्या पट्ट्यात आग मंदावली आणि विमानतळ वाचला. ओकानागनमध्येही असं जाळणं सुरू झालं आहे. अडचण एकच, एप्रिलमधला हा धूर लोकांना सोसवत नाही. तक्रारी येतात.

ऑगस्टमधल्या धुराची तक्रार करायला मात्र कुणी उरत नाही. खोऱ्याच्या तळाशी तो आठवडाभर साचून राहतो, दुपारी बाराला सूर्य नारिंगी चकतीसारखा दिसतो, आणि द्राक्षांच्या सालीत शिरलेला धुराचा वास पुढे वाईनमध्ये उतरतो. फळं थांबत नसतात. मुखपट्टी लावून तोडणी चालू राहते. बागांवर तुषार सिंचनाचं पाणी फिरत असतं, म्हणून हिरवी बाग सहसा पेटत नाही. कित्येकदा आग अडते ती बागेच्या बांधावरच.

सरोवरावर विमानं उतरतात, न थांबता पोटात हजारो लिटर पाणी भरतात आणि उडतात. ती बघायला होड्या मध्ये आणू नका, अशी विनवणी दर वर्षी करावी लागते. सप्टेंबरच्या मध्याला रात्री मोठ्या होतात, दव पडायला लागतं, पाट्यांवरचे काटे डावीकडे झुकतात. सफरचंदांची तोडणी भरात येते. २००३मध्ये जळालेल्या केटल व्हॅली वसाहतीत घरं कधीच पुन्हा उभी राहिली आहेत, त्याच उतारावर, रानाच्या तोंडाशी. तिथून सरोवर फार सुंदर दिसतं.