अश्वहृदय आणि अक्षहृदय

नलोपाख्यान आम्हीं जव्हार व मोखाड्याच्या शाळांतून किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. ऋतुपर्ण राजा रथांतून विदर्भास निघाला आहे, सारथी बाहुक म्हणजे वेष पालटलेला नल. वाटेंत एका बेहड्याचीं पानें व फळें राजा बसल्या जागेवरून मोजून सांगतो. नल रथ थांबवून पडताळा पाहतो, तों संख्या बरोबर जुळते. मग राजा त्यास अक्षहृदय म्हणजे फांशांची विद्या देतो, आणि तिच्या मोबदल्यांत नलानें अश्वहृदय म्हणजे घोड्यांची विद्या द्यावयाची असें ठरतें. मोखाड्याच्या मुलांस ही गोष्ट फार रुचे, कारण बेहडा त्यांच्या रानांतलाच. एकदां एका मुलानें ओंजळभर बेहडे आणून मेजावर ठेवले आणि विचारलें, "गुरुजी, यांनींच जुगार खेळत का?" होय म्हणून आम्हीं सांगितलें, व त्याच आठवड्यांत पैसे लावून गोट्या खेळणाऱ्या तिघांस छडी दिली.

या दोन्ही विद्या एके ठिकाणीं नांदतांना आम्हीं पाहिल्या त्या सेवानिवृत्तीनंतर, मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर. साल मुद्दामच देत नाहीं. आमचे मेहुणे हें मासिक वाचतात.

जानेवारीच्या अखेरीस धाकट्या बहिणीचा फोन आला, "अण्णा, डर्बीच्या आधीं एकदां येऊन जा." जव्हारहून एस. टी. नें पालघर व तेथून गाडीनें मुंबई असे शनिवारीं दुपारीं पोंचलों. स्वयंपाकघरांत तिनें आवाज खालीं करून सांगितलें तें असें : पावसाळ्यांत पुणें, हिंवाळ्यांत मुंबई, अशा दोन वर्षांच्या शर्यतींत निवृत्तीच्या पैशाचा निम्मा भाग गेला, आणि मुलीच्या लग्नासाठीं बँकेंत ठेवलेली ठेवही मोडल्याचें तिला आठवड्यापूर्वींच कळलें. "तुझ्याशीं ते वाद घालीत नाहींत. तूं सांग."

सायंकाळीं मेहुण्यांचे तिघे स्नेही आले व दिवाणखान्यांत शर्यतींचें पुस्तक उघडलें गेलें. डर्बी ही १९४३ पासून चालत आलेली शर्यत. चार वर्षांच्या, याच देशांत जन्मलेल्या घोड्यांची, अंतर २४०० मीटर. इतर पुष्कळ शर्यतींत चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादून सर्वांस एका पातळीवर आणतात. येथें तशी सवलत नाहीं, घोडींस तेवढें थोडें कमी वजन. तेव्हां चर्चा चाले ती रक्ताची. आमच्याकडे स्थळ पाहतांना कुळी, आजोळ, प्रकृति यांची जितकी चिकित्सा होते तिच्या दुप्पट आम्हीं त्या रात्रीं ऐकली. एका घोड्यास सर्वांत कमी भाव होता, म्हणजे लोकांचा त्याच्यावर सर्वांत अधिक विश्वास. पण त्याची आई लांब पल्ल्याची नव्हे, शेवटच्या चारशे मीटरांत तो दमेल, असें एकाचें मत. दुसरा म्हणाला, जॉकी असा आहे कीं तो दमूं देणार नाहीं. तिसऱ्यानें पहाटेच्या सरावाच्या वेळा वहींत टिपून आणल्या होत्या. खोटें कशाला सांगावें, एवढ्या अभ्यासू वृत्तीचे विद्यार्थी आम्हांस चाळीस वर्षांत फार थोडे लाभले.

आम्हीं आपलें हत्यार काढलें तें त्रैराशिकाचें. त्याच दिवशींच्या एका लहान शर्यतींत सहा घोडे होते. बुकीचे भाव असे : एकास एक, एकास तीन, एकास चार, दोघांना एकास नऊ, व शेवटल्यास एकास एकोणीस. आम्हीं पाटीवर मांडावें तसें मांडलें. कोणताही घोडा जिंको, हातीं बरोबर एक रुपया यावा असें म्हटलें, तर अनुक्रमें पन्नास, पंचवीस, वीस, दहा, दहा व पांच पैसे लावावे लागतात. बेरीज एक रुपया वीस पैसे. "हे वरचे वीस पैसे बुकीचे. टोटांत बुकी नाहीं, पण तेथेंही क्लबाची वजावट व सरकारचा कर आधीं निघतो, आणि उरलेलें तुम्ही आपसांत वांटून घेतां. मग सर्वांचें मिळून वाढणार कोठून?"

मेहुण्यांनीं आदरानें ऐकून घेतलें. "अण्णा, हें गणित सर्व घोड्यांवर लावणाऱ्याचें झालें. आम्ही एकावरच लावतों." आणि १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरविला आहे, हेंही त्यांनीं ऐकविलें. मुलीच्या ठेवीचा विषय स्नेह्यांसमक्ष काढणें आम्हांस प्रशस्त वाटेना. उद्यां वाटेंत बोलूं, असें ठरविलें.

वाटेंत गर्दी होती. महालक्ष्मीचें मैदान १८८३ चें. एवढी मोकळी हिरवळ मुंबईंत आम्हीं दुसरी पाहिली नव्हती. शर्यतीपूर्वीं घोडे वर्तुळांत फिरवितात तेथें कठड्याशीं आम्ही उभे राहिलों. वाजपेय यज्ञांत सतरा रथांची शर्यत असे आणि यजमानाचाच रथ पहिला यावयाचा हें ठरलेलें असे. त्या शर्यतीवर कोणी बुकी उभा राहता ना, असा विचार मनांत येत होता, तोंच एक तांबूस घोडी समोरून गेली. मान खालीं, पाऊल हलकें, भोंवतालच्या कोलाहलाशीं जणूं तिचा कांहीं संबंधच नाहीं. तिच्याविषयीं आदल्या रात्रीं कोणी चकार शब्द काढला नव्हता. आम्हीं टोटाच्या खिडकीशीं जाऊन दोनशें रुपयांचें तिकीट घेतलें. कां घेतलें, तें विचारूं नये. घोडे सुटले तेव्हां आम्ही कोणास सांभाळण्यास आलों होतों हें आम्हांस आठवत नव्हतें. शेवटच्या वळणानंतर आम्ही ओरडत होतों. सबंध नोकरींत वर्गावर एवढ्या मोठ्यानें ओरडलों नसूं.

घोडी जिंकली. आमच्या हातीं दोन हजार सहाशें रुपये आले. मेहुण्यांचे किती गेले तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि विचारण्याचा आमचा अधिकार त्या खिडकीशींच संपला होता. परततांना तेच आनंदांत होते. दार उघडतांच उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "अहो, ऐकलेंत का? अण्णांनीं जिंकलें!"

बहिणीनें एकदां आमच्याकडे पाहिलें. "हातपाय धुवा, पानें घेतलीं आहेत," एवढेंच म्हणाली, आणि आमच्या पानांत नेहमींप्रमाणें आधीं वाढलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे निघण्यापूर्वीं, ती पाणी तापवीत असतां, त्या नोटा आम्हीं फडताळांतल्या गुळाच्या डब्याखालीं सरकवून ठेवल्या. पालघरास जव्हारच्या एस. टी. ला अवकाश होता, म्हणून तिनें दिलेली लाडवांची पुरचुंडी सोडली. नोटा लाडवांखालीं होत्या, नीट घडी करून.