कुर्ला टू कुर्ला

बीकेसीत जॉब करणाऱ्या कुणालाही विचारा, कुर्ला म्हणजे काय? शेअर रिक्षाची लाइन, घाम आणि पंचिंगला झालेला उशीर! मीही दोन वर्षं एवढंच कुर्ला पाहिलं. रिक्षा सीएसटी रोडला लागली की कानात हेडफोन आणि डोळे मोबाइलमध्ये. कडेला बंपर, दरवाजे, गिअरबॉक्स यांचे ढीग दिसायचे, पण निरखून कधी बघितले नव्हते. मग एका शनिवारी मी मुद्दाम तिथे उतरले. चक्क शॉपिंगला. लिस्टमध्ये वस्तू एकच: फियाट पॅलिओ 1.6 चा इंजिन ब्लॉक.

बाबांची जीटीएक्स

आमची पॅलिओ जीटीएक्स 2002 ची. सोळाशे सीसी, सोळा व्हॉल्व्ह, सुमारे 100 हॉर्सपॉवर. पोर्शवाले हसतील, पण पगारदार माणसाला परवडणारी स्पोर्ट्स कार त्या काळी हीच होती. मायलेजवरून आईचे टोमणे आजही चालू आहेत. जाहिरातीत सचिन होता, पण 'मी त्याच्यामुळे घेतली नाही' असं बाबा सांगतात. घरात यावर कुणाचाही विश्वास नाही. 2017 मध्ये पंधरा वर्षं भरली, तेव्हा बाबांनी फेरनोंदणी केली. 2022 मध्ये पुन्हा केली.

आणि मी काय केलं? कसारा घाटात रेडिएटरचा होज फुटला, काटा लाल पट्ट्यात गेला, तरी 'इगतपुरी आलीच की' म्हणत गाडी आणखी दोन किलोमीटर रेटली. हेड उघडल्यावर आमच्या मेकॅनिक काकांनी दोन सिलिंडरच्या मधली केसासारखी रेघ दाखवली. ब्लॉकला क्रॅक.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "दे भंगारात. खूप झालं." त्या 'खूप झालं'ने माझी झोप उडवली.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सांगाडा. सिलिंडर त्याच्यातच, पाण्याचे आणि तेलाचे रस्ते त्याच्यातच, खाली क्रँक, वर हेड. आमचा ओतीव लोखंडाचा. वेल्डिंग करून चालेल का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "ओतीव लोखंड आहे पोरी. आज जोडू, पण परत तापलं की शेजारी नवी चीर पडेल." नवा ब्लॉक शोरूममध्ये मिळण्याचे दिवस केव्हाच गेले. उरलं कुर्ला.

माहेरचं गाव

गंमत म्हणजे पॅलिओ मूळची कुर्ल्याचीच! वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लायमाऊथ, मग फियाट 1100 आणि पद्मिनी बाहेर पडल्या. अख्ख्या मुंबईची काळी-पिवळी इथली. त्यातली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. 2001 मध्ये आलेली पॅलिओसुद्धा कुर्ल्यातच बनायची. आता तिथे भोंगा वाजत नाही, टॉवर उभे आहेत. प्रीमियर रोड हे नाव मात्र टिकून आहे.

म्हणजे जिथे गाडी जन्मली, तिथून थोड्याच अंतरावर तिच्या बहिणी सुट्ट्या होऊन विकल्या जातात. एका गल्लीत नुसते हेडलॅम्प, पुढच्या गल्लीत सीट. पायाखालची माती काळी आणि तेलकट. एका टोकाला मिठी नदी, पलीकडे बीकेसीच्या काचेच्या इमारती. माझं ऑफिस तिथून दिसत होतं!

तीन ब्लॉक, एक निवड

पहिल्या दुकानातला ब्लॉक मला बघताक्षणी आवडला. चकाचक चंदेरी. काकांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "रंग कशाला मारलाय?" इंजिन नंबर असतो ती जागा ग्राइंडरने घासलेली होती. नंबर नाही म्हणजे माल कुणाचा, कुठून आला, काहीच माहीत नाही. आम्ही निघालो.

दुसरा एकदम स्वस्त होता. काकांनी तेलाच्या भोकात वायर घातली, तर बाहेर वाळलेला चिखल आला. "पाण्यात बुडालेली गाडी." इंजिन चालू असताना सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. 26 जुलै 2005 ला बुडालेल्या कुर्ल्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दुकानदारही कसनुसं हसला.

तिसरा तेलाने बरबटलेला, कोपऱ्यात पडलेला. "ये चलती गाडी का है, पीछे से ठुकी थी," चाचा म्हणाले. नंबर स्पष्ट होता आणि स्क्रॅप झालेल्या गाडीचे कागदही होते. काकांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या काठावर फिरवलं. रिंग जिथे थांबते, तिथे झीज सगळ्यात जास्त, त्यामुळे नखाला कड लागते. इथे ती जेमतेम लागली. मग वरच्या सपाट पृष्ठभागावर पट्टी आडवी ठेवून फीलर गेज सरकवून पाहिला. शेवटी क्रँकच्या कॅप मोजल्या. त्या ब्लॉकला बसवूनच एकत्र बोअर केलेल्या असतात, दुसऱ्याच्या उसन्या चालत नाहीत. सगळ्या जागेवर होत्या.

चाचांनी 25 हजार सांगितले, 17 वर तुटलं. कटिंग चहा आला. "पॅलिओ? ये तो इधर ही बनती थी," चाचा म्हणाले. आवाजात थोडी मालकी होती.

मशीन शॉपमध्ये आधी लाल डाय टाकून क्रॅक टेस्ट झाली, मग प्रेशर टेस्ट. दोन्हींत पास! बोअर किती वाढवायचा, हे मात्र काकांनी ओव्हरसाइज पिस्टन हातात आल्यावरच ठरवलं.

आरटीओची परवानगी, आरसीवर नवा इंजिन नंबर, या सगळ्यात दोन महिने गेले. परवा बाबांनी स्टार्टर मारला. मला म्हणाले, "घाटात आता मी चालवणार." म्हणजे भंगार कॅन्सल! तरी ठाण्यापर्यंत त्यांची नजर रस्त्यापेक्षा टेम्परेचरच्या काट्यावरच जास्त होती. माझीसुद्धा.

तुम्ही जाणार असाल तर...

- आपला मेकॅनिक सोबत न्या. जुना इंजिन नंबर आणि मॉडेल लिहून ठेवा.
- नंबर घासलेला असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.
- पक्कं बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत मागा.
- टेस्टमध्ये फेल झाला तर परत घेणार, हे बिलावर लिहून घ्या.
- इंजिन बदलण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे.
- पांढरे शूज? अजिबात नको!