चार भाल्यांचा हिशेब

केंब्रिज विद्यापीठाचे पुरातत्त्व व मानवशास्त्र संग्रहालय १८८४ साली स्थापन झाले. नूतनीकरणानंतर २०१२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. तळमजल्यावर केंब्रिज परिसरातील उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत; वरच्या दालनांत दूरदेशींच्या समाजांचे जीवन उलगडते.

१७७० मध्ये कॅप्टन कुक व त्याच्या सोबत्यांनी ऑस्ट्रेलियातील बॉटनी बे येथून आदिवासींचे सुमारे ४० भाले न विचारता उचलून नेले. त्यांतील उरलेले ४ ट्रिनिटी कॉलेजच्या मालकीचे. १९१४ पासून ते या संग्रहालयात जपलेले होते. २०२४ मध्ये ते त्या आदिवासींच्या वंशजांना परत देण्यात आले.

धन्याने स्वतः न सोपविलेली वस्तू कितीही निगुतीने सांभाळली, तरी ती ठेव होत नाही. म्हणून येथील प्रत्येक पाटीवर वस्तू किती जुनी, यासोबतच ती कशी आली, हेही वाचावे.