दोन ओळींची वहिवाट

पडद्यावर चित्र असावे, त्या चित्रावरून कर्सर फिरावा आणि तो पुढे सरकताच त्याच्याखाली झाकलेला भाग पुन्हा जसाच्या तसा दिसावा, ही गरज संगणकाची स्मृती सोन्याच्या भावाने मिळत असे त्या काळी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे उभी राहिली; आणि तर्कक्रियांचे कोष्टक तेवढे पाठ असल्यामुळे तिचे उत्तर संध्याकाळपर्यंत मला सुचलेही. ते उत्तर म्हणजे एक्सॉर. दोन बिटे भिन्न असली तर १, सारखी असली तर ०, एवढाच त्या क्रियेचा नियम. परंतु तीच आकृती दुसऱ्यांदा चालविली असता मूळ स्थिती परत येते, हा तिचा विलक्षण गुण. १०१ वर ०११ चालवावे, ११० मिळते. त्या ११० वर पुन्हा ०११ चालवावे, १०१ हजर! चित्राची प्रत राखून ठेवावयास नको, पुसण्याची निराळी तजवीज नको. दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने हा शोध शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगितला, तेव्हा चहाचा पेला खाली न ठेवता ते म्हणाले, "अहो, सगळे तसेच करतात." पुढे या दोन ओळी किती ठिकाणी लिहिल्या याचा हिशेब मी ठेवला नाही, सुईत दोरा किती वेळा ओवला हे कोणी शिंपी वहीत मांडीत नाही.

कित्येक वर्षांनी अमेरिकेतील ४१९७५९० क्रमांकाचे, १९८० साली मंजूर झालेले आणि कॅडट्रॅक कंपनीचे म्हणून गाजलेले पेटंट वाचण्याचा योग आला. एखादी रेषा पुसली असता तिला छेदणाऱ्या रेषा पूर्ववत करणारी निवडक पुसण्याची योजना, असे काहीसे त्यात गंभीरपणे वर्णिले होते. आणि ही आपलीच युक्ती दरबारी पोशाखात उभी आहे, हे तिसऱ्या वाचनानंतर उमगले. त्या सनदेत मोठ्या चित्राचा हवा तो भाग पडद्यावर आणण्याची व्यवस्थाही आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि धंद्यात तिचा बोलबाला झाला तो एक्सॉरमुळेच, आणि तिच्यापायी अनेक कंपन्यांनी परवान्याची रक्कम निमूटपणे मोजली.

असे घडते ते पेटंटचा अर्ज तपासणारा परीक्षक मूर्ख असतो म्हणून नव्हे. त्याची भिस्त मुख्यतः पूर्वप्रसिद्ध लेखनावर. दप्तरी जे नाही ते त्याच्या लेखी बहुधा घडलेलेच नसते. उलट आमच्या धंद्यात जे अगदी मामुली ते कोणी लिहून ठेवीत नाही, कारण दोन ओळींच्या युक्तीवर प्रबंध लिहिणाऱ्यास कोणते नियतकालिक थारा देईल? गावच्या पायवाटेला निदान वहिवाटीचा हक्क कायदा मानतो आणि साक्षीला चार म्हातारी माणसे तरी उभी राहतात. आमच्या पायवाटेवर मात्र नवी सनद घेऊन आलेला इसम खुशाल जकातनाका उभारतो.

लिहिलेले असले म्हणजे निभावते, असेही नाही. एकाच यादीतील नोंदींना पुढची नोंद दाखविणारे जादा निर्देशक जोडून ती यादी दुसऱ्या क्रमानेही वाचता यावी, या कल्पनेवर एलएसआय लॉजिक कंपनीला २००६ साली पेटंट मिळाले. आणि अनेक निर्देशकांनी गुंफलेल्या रचनांचे सविस्तर विवेचन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात १९६८ पासून आहे! याच क्नुथ यांनी १९९४ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयास पत्र पाठवून अशा मक्त्यांना हरकत घेतली होती. आपल्याकडे २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये निव्वळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम पेटंटयोग्य नाहीत असे स्पष्ट घातले, हे ठीकच झाले. मात्र त्यातील 'निव्वळ' या शब्दावर वकिलांचा चरितार्थ उत्तम चालतो.

तेव्हा माझ्या तरुण सहव्यावसायिकांना एवढीच विनंती की, आपली क्षुल्लकात क्षुल्लक युक्तीदेखील तारखेनिशी कोठेतरी प्रसिद्ध करून ठेवावी. लिहिलेले नजरेआड होते खरे, परंतु न लिहिलेले शोधावयाचे तरी कोठे?