चावी मुक्कामाला कुठे असते?

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. अहिल्यानगर

आयटी ऑडिटवाले आज बँकेत आले. दोन तास काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर एकच प्रश्न: "बॅकअप एन्क्रिप्टेड आहे म्हणता, मग चावी कुठंय?"

मी कौतुकाने स्क्रीनवर दाखवली. त्याच सर्व्हरवर, शेजारच्याच फोल्डरमध्ये. दाखवतानाच जीभ जड झाली. रोज रात्री बॅकअप निघतो तेव्हा ते फोल्डरही त्याच्याबरोबर निघतं. म्हणजे दुसऱ्या शाखेत ठेवायला जाणाऱ्या डिस्कवर खातेदारांचा डेटा आणि तो उलगडणारी चावी, अशी जोडी तीन वर्षं एकाच पिशवीतून फिरते आहे. तीन वर्षं मी मीटिंगमध्ये "२५६ बिटांचं कुलूप" म्हणून छाती फुगवत होतो.

त्यांनी वहीत एक ओळ लिहिली. मला समोरून उलटी वाचता आली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चितळे रोडला भाजी घेताना आमचे निवृत्त हेड कॅशियर काका भेटले. सांगू नये ते सांगून बसलो. काका मेथीची जुडी निवडत ऐकत होते.

"स्ट्राँगरूमच्या दाराला कुलपं किती?"

"दोन."

"एक चावी मॅनेजरकडं, एक माझ्याकडं. एकट्याला दार उघडता यायचं नाही. डुप्लिकेट संच सील करून दुसऱ्या बँकेत ठेवलेला, त्याची पावती आपल्याकडं. रजेवर जाताना चावी दिली-घेतली की रजिस्टरला दोघांच्या सह्या. तिजोरीच्या खोलीतच राखीव चावी ठेवणारा कॅशियर मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे शिकवलं कुणी?"

उत्तर सुचलं नाही. कोथिंबीर न घेताच घरी आलो, त्यावरून वेगळं ऐकून घेतलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

थंडी पडली आहे. सर्व्हर रूममध्ये तर वर्षभरच पौष.

रात्री जुनी टिपणं काढली. ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषाशिक्षकाने १८८३ साली लिहून ठेवलंय की, गुप्तलिपीची सगळी रीत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये. गुपित राहायला हवी ती फक्त चावी. कुलूप कसं बनतं हे आज जगजाहीर आहे. एईएस या कुलपाचं गणित कुणीही वाचावं. म्हणजे सगळा भार चावीवर, आणि आम्ही तिलाच वाऱ्यावर सोडलं.

करायचं ते असं. डेटाला एक चावी, आणि त्या चावीला बंद करणारी दुसरी, मोठी चावी. पहिली डेटाजवळ राहिली तरी चालेल, कारण ती स्वतःच कुलपात आहे. मोठी मात्र एचएसएम नावाच्या वेगळ्या पेटीत राहते. ती पेटी चावी उघडी कधीच बाहेर देत नाही, काम आत करून फक्त उत्तर बाहेर देते. कुणी पेटी फोडायला गेलं तर आतल्या चाव्या ती स्वतःच पुसून टाकते. आणखी एक सोय म्हणजे मोठी चावी बदलताना टेराबाइटभर डेटा पुन्हा एन्क्रिप्ट करावा लागत नाही. फक्त छोट्या चाव्या नव्या कुलपात घालायच्या.

यात नवीन काही नाही. आधार क्रमांक साठवणाऱ्यांना प्राधिकरणाने जुलै २०१७ मध्येच सांगितलं होतं की, क्रमांक वेगळ्या व्हॉल्टमध्ये ठेवा आणि त्याच्या चाव्या एचएसएममध्येच ठेवा. गेल्या आठवड्यात वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियमही आले. पुरेशी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. आमच्या बँकेला तो आकडा उच्चारायलाही ठराव लागेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आईला घेऊन शनिशिंगणापूरला गेलो. घोडेगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागे निम्मा वेळ गेला.

लहानपणापासून बघतो आहे, पण आज घरांच्या चौकटी वेगळ्याच डोळ्यांनी पाहिल्या. दारांच्या फळ्या नाहीत, कड्या नाहीत. कुठे पडदा, कुठे कुत्रं शिरू नये म्हणून आडवी टेकवलेली फळी. २०११ साली युको बँकेने इथे शाखा काढली तीही कुलपाविना, म्हणून देशभर बातमी झाली होती.

परतताना वाटलं, या गावात कुलूप नाही असं कसं म्हणायचं? शनिदेवाच्या धाकाचं कुलूप आहेच. फक्त त्याची चावी गावात कुणाकडेच नाही. सरपंचाकडे नाही, पुजाऱ्याकडे नाही. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "देवाच्या दारी ऑफिस नको."

बुधवार, ३ डिसेंबर

संचालक मंडळापुढे उभा राहिलो. पहिला प्रश्न किमतीचा. दुसरा एका संचालकांचा: "म्हणजे कॉसमॉससारखं आपल्याकडं होणार नाही ना?" खोटं बोलून मंजुरी मिळाली असती. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले ते मुख्यतः एटीएमच्या स्विचची नक्कल करून. ते दुखणं वेगळं, औषध वेगळं. आपली पेटी डिस्क चोरीला गेली तर वाचवेल. चोर माझ्या पासवर्डने आत आला तर ती एकटी पुरणार नाही. तसंच सांगितलं.

मग अध्यक्षसाहेब म्हणाले, "तू आहेस ना? घरचा माणूस. मग पाच जणांकडं चावीची कार्डं कशाला?"

म्हटलं, "साहेब, मी आहे म्हणूनच. डेटा माझ्या ताब्यात, तर चावी माझ्या ताब्यात नको."

खरी भीती मी शेवटी काढली. स्ट्राँगरूमची चावी हरवली तर कंपनीचा माणूस येतो, गॅस कटर येतो, दोन दिवस जातात, पण दार उघडतं. इथे चावी गेली की सगळं गेलं. कटर नाही. म्हणून चावी लांब हवी आणि हरवायलाही नको. बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मंजुरी मिळाली.

शनिवार, १० जानेवारी २०२६

दुसरा शनिवार, बँक बंद. पेट्या दोन: एक इथे, एक डीआर साइटवर, म्हणजे संकटात कामाला यावी म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या जागी. मोबाइल बाहेर टोपलीत ठेवले आणि मोठी चावी आज तयार झाली. पाच कार्डं पाच जणांकडे, त्यांतली कोणतीही तीन जमली तरच चावी दुसऱ्या पेटीत उभी राहते. या युक्तीमागचं गणित आदी शमीर यांनी १९७९ साली मांडलं. कर्जविभागाच्या मॅडमना ते शाळेच्या आलेखवहीवर दाखवलं: दोन बिंदूंतून हवे तेवढे पॅराबोला काढता येतात, तिसरा बिंदू मिळाला की एकच उरतो. दोन कार्डंवाल्याला निम्मीअर्धी चावी नाही, काहीच मिळत नाही.

जुन्या डिस्कांचं काय? यापुढे एखादा बॅकअप संपवायचा तर त्याची चावी नष्ट केली की पुरेल. पण जुन्या डिस्कांच्या पोटातच चावी आहे, तिथे ही मात्रा चालत नाही. नवा बॅकअप तपासून घेतला आणि जुन्या सगळ्या डिस्कांना ड्रिलने भोकं पाडली. शिपाईमामांनी इतक्या आनंदाने बँकेचं काम केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

माझ्याकडे एकही कार्ड नाही.

शनिवार, २४ जानेवारी

डीआर ड्रिल. सर्व्हर जळाला असं धरून चालायचं. आधी मुद्दाम चावीशिवाय डिस्क उघडली, नुसता चिखल. मग कार्डवाल्यांना फोन. एकाच्या उसाला तोड आली होती, तो फडातून हलेना. दुसरे पुण्याला. तिसऱ्या मॅडम वीस मिनिटांत पोहोचल्या, चौथे डबा खाऊन आले. पाचव्याने कार्ड कुठल्या कपाटात ठेवलं ते आठवायला पाऊण तास घेतला. तो पाऊण तास मी घड्याळ सोडून कशाकडेच पाहिलं नाही. माझ्याच हातांनी उभारलेलं, आणि मला एकट्याला उघडता येत नाही!

तिसरं कार्ड लागलं. खाती दिसली, शिलकी जुळल्या. अहवालात डिस्कच्या वेगाबद्दल एक ओळ आणि कपाटाबद्दल एक परिच्छेद लिहिला.

रविवार, २५ जानेवारी

काकांना घरी जाऊन आमचं नवं चावी रजिस्टर दाखवलं. एचएसएम, शमीर, पॅराबोला सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, माझं काही ऐकून न घेता बोट ओळीवरून फिरवत गेले आणि चौथ्या कार्डाशी थांबले.

"दिली लिहिलंय. घेतल्याची सही कुठंय?"

उद्या प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. मंगळवारी पहिलं काम ते.