खोळ शिवा, मग केदारनाथला निघा

उन्हाळी नांगरट उरकली, हाती दोन पैसे आले, की आपल्याकडची पुष्कळ मंडळी केदारनाथला निघतात. मृगाआधी परत यायचे असते, म्हणून घाईही असते. चिवडा, लाडू, लोणचे, औषधाच्या गोळ्या, सगळे आठवणीने बांधले जाते. रात्री निजायचे कशात, हे मात्र कुणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

2019 च्या वैशाखात आम्ही घरची सहा माणसे निघालो. हरिद्वार, ऋषिकेश मागे पडले की रस्ता डोंगर चढू लागतो. रुद्रप्रयागला अलकनंदा सोडून मंदाकिनीचा काठ धरायचा. उतारावर पायऱ्या पाडल्यासारखी अरुंद शेते दिसतात. एका पायरीवर बैल कसे वळवीत असतील, असा प्रश्न पडतो. सोनप्रयागला आपली गाडी थांबते. तिथून जीपने गौरीकुंड आणि पुढे सुमारे 16 किलोमीटर चढण. जून 2013 च्या महापुरात रामबाड्याकडची जुनी वाट वाहून गेली. आम्हाला मंदाकिनी ओलांडून लिंचोलीवरून जावे लागले. मंदिर 3583 मीटर उंचीवर आहे. वैशाखातही रात्री दात वाजतात.

वर मुक्काम तंबूत होता. निजायला जाड, चेन लावलेल्या पिशव्या मिळाल्या. त्यांना स्लीपिंग बॅग म्हणतात. रोज नवा यात्रेकरू, ऊन धड नाही, मग एवढी जाड पिशवी धुवायची कधी आणि वाळायची कधी? थोरले बंधू दमून तशीच अंगावर घेऊन झोपले. वहिनींना तिचा वास सहन होईना. त्या शाल गुंडाळून रात्रभर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी उतरताना त्यांचे पाय लटपटू लागले, शेवटी घोडा करावा लागला. पुढे पेरणीच्या दिवसांत बंधूंच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग नातवालाही. डॉक्टरांनी खरूज सांगितली आणि सगळ्या घराने एकदम औषध लावले. ती कुठल्या मुक्कामावरून आली, हे देवाला ठाऊक. पण वहिनींचे जागरण मी डोळ्यांनी पाहिले.

त्याच तंबूत एक वृद्ध बंगाली जोडपे होते. त्यांनी पांढऱ्या कापडाची खोळ काढली, स्लीपिंग बॅगेच्या आत सरकवली आणि तिच्यात शिरून शांत झोपले. सकाळी घडी केली, ती नारळाएवढी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उशीला खोळ असते, तशी ही माणसाची खोळ!

ही खोळ बाजारात तयार मिळते, घरीही शिवता येते. कापड निवडताना एवढे पाहा. सुती कापड स्वस्त, अंगाला मऊ आणि धुवायला सोपे. पण भिजले तर लवकर वाळत नाही. रेशमी सर्वांत हलके, लहान घडीचे आणि थोडी ऊबही देणारे, पण महाग. घरात जुने रेशमी लुगडे असेल तर त्याचे सोने करा. फ्लॅनेल उबदार, पण ओझे वाढवते. चढणीवर पावशेरही जड होतो. रंग फिका घ्या, म्हणजे ढेकूण लपणार नाही.

90 सेंटिमीटर पन्ह्याचे पाच मीटर मऊ सुती कापड आणा. आधी धुऊन घ्या, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटेल. दुमड पायाकडे ठेवा. वरचा पदर सहा फूट, खालचा उरलेला. खालच्या पदराचे टोक दीड फूट उलटून कडेने शिवा. तिथे उशी बसते. दोन्ही बाजू शिवताना एका बाजूला वरून दोन फूट मोकळे सोडा, म्हणजे रात्री उठताना पाय अडकणार नाहीत.

मात्र खोळ म्हणजे रजई नव्हे. स्वेटर, कानटोपी, पायमोजे हवेतच. खोळीने परक्या अंथरुणाचा अंगाशी स्पर्श कमी होतो, एवढेच. घरी आल्यावर ती गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.

वहिनींनी पुढे सहा खोळी शिवल्या. वारीच्या मुक्कामाला, दवाखान्यात रोग्याजवळ राहायला, शिबिराला त्याच जातात. यात्रेत अंथरूण परक्याचे असायचेच; खोळ तेवढी आपली असावी.