पाव फेरा

सासवड
१३ जुलै

चि. मनू,


तुझं पत्र परवा मिळालं. चार ओळी खुशालीच्या आणि मग तो प्रश्न : "आबा, लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, हे पाठ झालंय. गणितं सुटतात. पण −१च का?" गणितं सुटत असूनही तुला हा प्रश्न पडला, याचा मला फार आनंद झाला.

पाकिटात आलेखाच्या कागदाचा एक काटकोन त्रिकोण ठेवलाय, तो हातात घे. पाया तीन घरं, उंची दोन घरं, काटकोन उजव्या हाताला. त्याची तिरकी बाजू ही आपली रेषा. तीन घरं उजवीकडे गेलं की ती दोन घरं वर जाते, म्हणून तिचा चढ २/३.

आता डाव्या टोकाला टाचणी टोच आणि त्रिकोण घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, म्हणजे ९० अंश फिरव. तिरकी बाजू आता आपल्या जुन्या जागेशी काटकोनात आली. तिचा चढ मोजू. जो पाया आडवा होता तो उभा राहिला : तीन घरं वर. जी उंची उभी होती ती आडवी झाली, पण डावीकडे : उणे दोन. नवा चढ ३/(−२), म्हणजे −३/२.

सगळं सूत्र इथेच आहे. आडव्याचं उभं आणि उभ्याचं आडवं झालं, म्हणून अंश-छेद उलटले. दोघांपैकी एकाचीच दिशा उलटली, म्हणून उणे चिन्ह आलं. गुणाकारात दोन आणि तीन छाटले जातात आणि −१ उरतो. घड्याळाच्या दिशेने फिरवलंस तर पाया खाली जाईल आणि उंची उजवीकडे. चढ तोच येईल.

हाताने पटलं की कागदावरही पटवून घे. आरंभबिंदूतून दोन रेषा काढ, चढ म आणि न. क्ष = १ या उभ्या रेषेला त्या म आणि न या उंचीवर छेदतात. आरंभबिंदूपासून त्या छेदबिंदूंच्या अंतरांचे वर्ग १ + म² आणि १ + न²; छेदबिंदूंमधल्या अंतराचा वर्ग (म − न)². पहिल्या दोन वर्गांची बेरीज तिसऱ्याएवढी असेल तेव्हाच कोन काटकोन, हे पायथागोरसचं प्रमेय आणि त्याचा व्यत्यास सांगतात. विस्तार केलास की वर्ग निघून जातात आणि राहतं २ = −२ × म × न.

दोन गोष्टी जपायच्या. उभ्या रेषेचा चढ काढताना शून्याने भागावं लागतं, म्हणून तिला चढच नाही. आडवी रेषा तिला लंब असूनही हा गुणाकार तिथे लावता येत नाही. आणि दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखंच घे, नाहीतर उत्तर बरोबर असूनही आकृतीत काटकोन दिसणार नाही.

मला या काटकोनाची किंमत डोंगरउतारावर कळली. मृद्संधारणाच्या नोकरीत आम्ही सलग समतल चर आखायचो. कंटूर, म्हणजे समान उंचीची रेषा, धरून फक्की टाकायची आणि त्या रेषेवर खोदायचं. कंटूरवरून चालताना उंची बदलत नाही, त्यामुळे सगळा उतार तिच्याशी काटकोनातच असतो आणि पाणी त्याच दिशेने खाली येतं. नकाशावर कंटूरचा चढ २/३ असेल, तर पाण्याची वाट −३/२ची. चर कंटूरवर असला की पाणी त्याला आडवं धडकतं, थांबतं, मुरतं. पहिल्याच पावसाळ्यात मी आखलेला एक चर कंटूर सोडून जरा तिरका गेला होता. पाणी त्यात थांबलंच नाही. चरातूनच खालच्या टोकाकडे धावलं आणि तिथला भराव फोडून गेलं. वरच्या शेताची माती खालच्या ओढ्यात गढूळ होऊन वाहताना मी पाहिली. ती परत आणता येत नाही. तेव्हापासून काटकोन हा शब्द माझ्यासाठी वहीतला राहिला नाही.

आता तुझ्यासाठी एक. रेषा २क्ष − ३य + ६ = ० आणि बिंदू (५, १). या बिंदूतून रेषेवर लंब टाकायचाय, कारण बिंदूपासून रेषेपर्यंतची सर्वांत जवळची वाट तीच. मूळ रेषेचा चढ २/३, लंबाचा −३/२; लंबाचं समीकरण ३क्ष + २य = १७ आणि तो रेषेला (३, ४)मध्ये मिळतो. पडताळून बघ. मग दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिही आणि क्ष-यचे सहगुणक वाच : वर २ आणि −३, खाली ३ आणि २. पाकिटातल्या त्रिकोणाने केलं तेच इथे झालंय. कसं, ते मला पुढच्या पत्रात लिही.

तुझे,
आबा